विद्यार्थ्याचें बिऱ्हाड

(नभोवाणीवरील भाषण)

जून-जुलैच्या सुमारास पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकावर पहाटेच्या वेळीं जो कोणी दहा मिनिटें उभा राहील, त्यास एक देखावा हटकून दिसेल. रात्रभर वाट कापून आलेली गाडी थांबते. तींतून सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा उतरतो. एका हातांत पेटी, काखेंत चादरींत गुंडाळलेलें अंथरूण. मागोमाग त्याचे वडील उतरतात. त्यांच्या एका हातांत लाडू-चिवड्याच्या डब्यांची पिशवी असते आणि दुसरा हात सदऱ्याच्या आंतल्या खिशावर असतो. कारण तेथें पैसे असतात. मुलास महाविद्यालयांत प्रवेश मिळालेला आहे. गुण किती मिळाले, शाखा कोणती घ्यावी, फी किती पडेल, या प्रश्नांची चर्चा गांवीं महिनाभर झालेली आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं, शाळेंतल्या गुरुजींनीं, मुंबईच्या मामांनीं आपापलीं मतें दिलेलीं आहेत. मात्र रिक्षावाला जेव्हां विचारतो, "कुठं जायचं?" तेव्हां बापलेक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. राहण्याचें अद्याप ठरलेलें नाहीं.

श्रोते हो, उच्च शिक्षणाविषयीं बोलतांना अभ्यासक्रम, परीक्षा, माध्यम, नोकरी, या गोष्टींची चर्चा पुष्कळ होते, आणि ती व्हावयास हवीच. परंतु घरापासून दूर येऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिले तीन प्रश्न याहून फार साधे असतात. निजावें कोठें? जेवावें कोठें? आणि पुस्तक उघडून बसावें कोठें? या तीन प्रश्नांस मिळून मराठींत एक जुना आणि घरगुती शब्द आहे; तो म्हणजे बिऱ्हाड. विद्यार्थ्याचें बिऱ्हाड ही त्याच्या शिक्षणाबाहेरची, ज्याची त्यानें पाहून घ्यावयाची बाब आहे, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ती समजूत चुकीची आहे. बिऱ्हाड हा शिक्षणाचाच एक भाग आहे, आणि तो भाग ढासळला म्हणजे हुशार मुलाचेंहि शिक्षण ढासळतें, एवढेंच या भाषणांत सांगावयाचें आहे.

विद्येसाठीं घर सोडणें ही महाराष्ट्रास नवी गोष्ट नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८६२ सालीं त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांतील महादेव गोविंद रानडे हे कोल्हापुराहून आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे रत्नागिरीहून मुंबईस आलेले होते. म्हणजे विद्यापीठाच्या अगदीं पहिल्या फळींतच परगांवचे विद्यार्थी होते. धोंडो केशव कर्वे यांची हकीकत तर सर्वश्रुत आहे. कोंकणांतील मुरुड गांवाहून एका परीक्षेसाठीं ते सोबत्यांसह शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्यास गेले. आणि तेथें पोंचल्यावर, वय लहान दिसतें, या कारणास्तव त्यांस परीक्षेस बसूंच दिलें नाहीं. पुढें त्यांनीं मुंबईस शिकवण्या करून आपलें महाविद्यालयीन शिक्षण पुरें केलें. त्यांच्या चिकाटीचें कौतुक पिढ्यान्‌पिढ्या होत आलें आहे. पण त्या कौतुकाच्या भरांत एक गोष्ट विसरली जाते: ज्ञानाच्या दारापर्यंतची वाट आणि दारापुढचा मुक्काम, हीं दोन्ही त्या काळीं विद्यार्थ्याच्या एकट्याच्या माथीं होतीं.

अशा विद्यार्थ्यांस गांवानें आधार दिला नाहीं, असें मात्र नाहीं. माधुकरी होती, वार लावून जेवण्याची चाल होती. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असे सात दिवसांचे सात चुली-उंबरे ठरवून कित्येक मुलांनीं पुण्यांत आपलीं वर्षें काढलीं. या चालीमागें गृहिणींचें औदार्य होतें, यांत संशय नाहीं. तथापि तिच्या दोन उणिवा झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. एक अशी कीं, ताटावर बसलेल्या मुलास आपण कोणाच्या उपकाराचें अन्न खात आहों, याचा विसर क्वचितच पडे. दुसरी उणीव याहून मोठी: हीं दारें जात पाहून उघडत. ज्यास उंबऱ्याच्या आंत घ्यावयाचें नाहीं असें समाजानें ठरविलेलें होतें, त्याचा वार कोणत्या घरीं लागणार? आठवड्याचे सातहि दिवस त्याचा उपासच.

या प्रश्नास ज्यांनीं खरें उत्तर दिलें, त्यांच्या कार्याचा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरास मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहें निघालीं. आणि १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस् क्लार्क वसतिगृह सुरू झालें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२४ सालीं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली, आणि लगेच १९२५ सालीं त्या सभेनें सोलापुरास वसतिगृह उघडलें. त्याच १९२४ सालीं कर्मवीर भाऊराव पाटलांनीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह चालू केलें. तें चालवितांना जेव्हां धान्य संपे, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपले दागिने मोडीत. शेवटीं मंगळसूत्रहि त्यांनीं त्या मुलांच्या ताटासाठीं दिलें. भाऊरावांचें साताऱ्याचें महाविद्यालय निघालें तें १९४७ सालीं. म्हणजे बिऱ्हाड आधीं आणि महाविद्यालय तेवीस वर्षांनीं मागाहून! हा क्रम अपघातानें पडलेला नाहीं. खेड्यांतलें पोर शाळेच्या दारांत टिकवावयाचें तर आधीं त्याची पंगत मांडली पाहिजे, हें या माणसांनीं अनुभवानें जाणलें होतें.

येथें एक आक्षेप हमखास पुढें येतो, आणि तो घेणारीं माणसें बहुधा वडीलधारीं व स्वतः कष्टानें शिकलेलीं असतात. तीं म्हणतात, "हालअपेष्टांतूनच विद्यार्थी घडतो. आमच्या वेळीं कोठें होतीं हीं वसतिगृहें नि या सवलती? रस्त्यावरच्या दिव्याखालीं अभ्यास करून माणसें मोठीं झालीं." हें म्हणणें सर्वस्वी खोटें नाहीं. कष्टानें मनुष्यास पीळ येतो. पण या युक्तिवादांत हिशेबाची एक चूक आहे. रस्त्यावरच्या दिव्याखालीं अभ्यास करून जे मोठे झाले, त्यांचीं चरित्रें लिहिलीं गेलीं. त्याच दिव्याखालीं बसून ज्यांचे डोळे गेले, ज्यांस क्षयानें गांठलें, किंवा जे पहिल्याच वर्षीं पेटी उचलून गांवीं परतले, त्यांचीं चरित्रें कोणीं लिहिलीं नाहींत. जिंकलेल्यांची तेवढी गणना करून लढाईचा खर्च काढतां येत नाहीं.

शिवाय त्या थोर चरित्रांतहि बारकाईनें पाहिलें तर केवळ हाल दिसत नाहींत. डॉ. आंबेडकरांच्या विद्यार्थीजीवनाचा कांहीं काळ परळच्या चाळींतील एका खोलींत गेला. तीच निजावयाची, तीच स्वयंपाकाची, तीच अभ्यासाची. मुलास शांतपणें अभ्यास करतां यावा म्हणून वडील रामजी सुभेदार मध्यरात्र उलटेपर्यंत स्वतः जागत, आणि मग मुलास उठवून आपण त्याच्या जागेवर आडवे होत, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. ही कथा हालअपेष्टांची खरी; पण तिचें मर्म निराळें आहे. घर जितकें अपुरें, तितक्याच निश्चयानें एका बापानें त्या घरांत विद्यार्थ्यापुरती जागा आणि वेळ राखून ठेवली. वसतिगृहाचें काम त्या खोलींत एका माणसानें केलें. ज्या मुलाजवळ असे सुभेदार नाहींत, त्याच्यासाठीं तें काम कोणी करावयाचें, हाच काय तो प्रश्न आहे.

आतां आजच्या स्थितीकडे वळूं. फीच्या बाबतींत महाराष्ट्रांत पुष्कळ कांहीं झालेलें आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, अशा ठरलेल्या प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्काची व परीक्षाशुल्काची संपूर्ण माफी देण्याचा निर्णय राज्य सरकारनें घेतला. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु फी माफ झालेली मुलगी शहरांत येते, तेव्हां खोलीचें भाडें, जेवण, प्रवास, पुस्तकें हा खर्च तिच्यापुढें उभाच असतो. आणि कित्येक घरीं मुलीचें नांव घालावयाचें कीं नाहीं, याचा निकाल फीवर न लागतां या खर्चावर, व 'ती राहील कोठें' या काळजीवर लागतो.

निर्वाहाच्या खर्चासाठींहि योजना आहेत. अनुसूचित जाति व नवबौद्ध समाजांतील ज्या विद्यार्थ्यांस सरकारी वसतिगृहांत जागा मिळत नाहीं, त्यांच्यासाठीं २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. मुंबई, पुणें, नागपूर यांसारख्या शहरांसाठीं त्या वेळीं वर्षास ६०,००० रुपये ठरले: भोजनास ३२,०००, निवासास २०,००० आणि किरकोळ निर्वाहास ८,०००. हिशेब करून पाहावा. वर्षाचे दहा महिने धरले तर जेवणास महिन्याकाठीं ३,२०० रुपये येतात; दोन वेळां मिळून महिन्याचीं साठ जेवणें; म्हणजे एका जेवणास ५३ रुपयांच्या आसपास. निवासास महिन्यास २,०००. ज्यास शहरांतील भाड्यांची कल्पना आहे, त्यास या २,००० रुपयांत काय मिळतें तें वेगळें सांगावयास नको. बहुधा खोली मिळत नाहीं; खोलींतली एक खाट मिळते. 'कॉट बेसिस' हा शब्द पुण्याच्या पेठांतून आतां मराठीच झालेला आहे. एका खोलींत चार-पांच खाटा, भिंतीवर तितकेच खिळे, आणि खाटेखालीं ज्याची त्याची पेटी. शिवाय शिष्यवृत्तीची रक्कम पुष्कळदां वर्ष बरेंच सरल्यावर हातीं येते. भाडें मात्र पहिल्या तारखेस द्यावें लागतें.

या खाटेचा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाशीं प्रत्यक्ष संबंध आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीचा हिशेब श्रेयांकांत होऊं लागला. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणें वर्षाचे ४० श्रेयांक आणि त्यांमागें अध्ययनाचे १,२०० तास धरलेले आहेत. म्हणजे एका श्रेयांकास ३० तास. व्याख्यानाच्या विषयांत यांपैकीं साधारण १५ तास वर्गांत भरतात. उरलेले १५ तास विद्यार्थ्यानें स्वतः वाचण्यांत, लिहिण्यांत, विचार करण्यांत घालवावे, अशी अपेक्षा आहे. थोडक्यांत सांगावयाचें तर व्याख्यानाच्या विषयाचा निम्मा अभ्यास विद्यापीठानें विद्यार्थ्याच्या बिऱ्हाडावर सोंपविलेला आहे. आणि त्या बिऱ्हाडांत टेबल नाहीं, दिवा एकच, व तो किती वाजतां मालवावयाचा यावर चौघांचें भांडण! मग जागोजागीं निघालेल्या अभ्यासिका कां भरून वाहतात, याचें नवल वाटण्याचें कारण उरत नाहीं. घरांत जी खुर्ची मिळत नाहीं, ती तेथें महिन्याच्या भाड्यानें मिळते.

ही स्थिति एका दिवसांत पालटणार नाहीं. तोंपर्यंत विद्यार्थ्यानें व त्याच्या घरच्यांनीं कांहीं व्यावहारिक गोष्टी सांभाळल्या तर पुष्कळ त्रास वांचेल.

पहिली गोष्ट जागेची. अनामत रक्कम हातावर ठेवण्यापूर्वीं जागा दोनदां पाहावी. एकदां दिवसा आणि एकदां रात्रीं दहाच्या सुमारास. दिवसा ऊन व वारा कळतो; रात्रीं शेजार कळतो. पाणी किती वेळ येतें, संडास किती जणांत आहे, खिडकी उघडते कीं नाहीं, आणि महाविद्यालयास चालत किती वेळ लागतो, हे चार प्रश्न न लाजतां विचारावे. भाडें पांचशे रुपयांनीं कमी, पण जाण्यायेण्यांत रोज दोन तास जातात, असा सौदा महाग पडतो. कारण महिन्याचे पन्नासाहून अधिक तास त्यांत गेले. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्यावी. अनामत परत केव्हां व कोणत्या अटीवर मिळेल, हें आधींच लिहून घ्यावें. खोली सोडतांना होणारे बहुतेक तंटे या एका न लिहिलेल्या ओळीपायीं होतात.

दुसरी गोष्ट जेवणाची. खाणावळीचें, म्हणजे आतांच्या भाषेंत मेसचें, महिन्याचें पान लावण्यापूर्वीं आठ-चार दिवस सुटें जेवून पाहावें. रविवारीं दुपारची मेजवानी पाहून पान लावूं नये. बुधवारची भाजी पाहून लावावें. पुष्कळ ठिकाणीं रविवारीं रात्रीं मेस बंद असते. त्या रात्रीचा उपास अथवा वडापाव हा विद्यार्थ्यांचा ठरलेला कुळाचार होऊन बसला आहे. सकाळचा नाष्टा वांचवून पैसे वांचविण्याची युक्ति नव्या विद्यार्थ्यांस फार लवकर सुचते. ती खोटी काटकसर होय. रिकाम्या पोटीं वर्गांत बसलेल्या मुलाचे दोन तास फुकट जातात, आणि पुढें वैद्याकडे जो खर्च होतो, तो नाष्ट्याहून जास्त असतो. मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, दोन केळीं. एवढ्यावरहि सकाळ निभावते.

तिसरी गोष्ट कागदांची. शिष्यवृत्त्यांचे अर्ज आतां 'महाडीबीटी' या सरकारी संकेतस्थळावरून भरावयाचे असतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचें प्रमाणपत्र व लागू असल्यास त्याची पडताळणी, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आणि आधारशीं जोडलेलें बँकेचें खातें, ही सामग्री गांव सोडण्यापूर्वींच तयार ठेवावी. तहसील कचेरी गांवाकडे आणि अर्जाची मुदत शहरांत, अशा ओढाताणींत कित्येकांची हक्काची मदत बुडते. अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाच्या कचेरींतून पुढें गेला कीं नाहीं, याची चौकशी पंधरवड्यानें करीत राहावी. चौकशी करणें म्हणजे याचना नव्हे.

चौथी गोष्ट कमाईची. शिकतां शिकतां काम करण्यांत कमीपणा नाहीं. भाऊरावांनीं 'कमवा आणि शिका' हें सूत्र घालून दिलें, आणि सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठांत त्याच नांवाची योजना चालते. ग्रंथालयांत, कचेरींत, बागेंत ठरलेले तास काम करून विद्यार्थी आपल्या खर्चास हातभार लावतात. पुण्यांत अच्युतराव आपट्यांच्या पुढाकारानें १९५५ सालीं स्थापन झालेली विद्यार्थी सहायक समिति, ग्रामीण भागांतील गरजू मुलामुलींस अल्प खर्चांत राहण्या-जेवण्याची सोय आणि स्वावलंबनाची संवय, अशा दोन्ही गोष्टी देत आली आहे. मात्र कामास मर्यादा हवी. रात्रीं उशिरांपर्यंत दुचाकीवरून लोकांच्या घरीं जेवण पोंचविणारा मुलगा सकाळच्या पहिल्या तासास डुलक्या घेत असेल, तर तो कमवीत आहे, पण शिकत नाहीं. कमाईनें शिक्षणाची सोय व्हावी. शिक्षणाची जागा घेऊं नये.

मुलींच्या वसतिगृहांतील वेळेच्या नियमांविषयीं मतभेद आहेत. दार अमुक वाजतां बंद झालेंच पाहिजे, असें पालक म्हणतात. ग्रंथालय रात्रीं उशिरांपर्यंत उघडें आणि त्याचा लाभ मात्र मुलांनींच घ्यावयाचा, हा कोणता न्याय, असें मुली विचारतात. दोन्ही बाजूंस काळजीच आहे. एकीस मुलीच्या सुरक्षिततेची, दुसरीस तिच्या अभ्यासाची. परंतु उपाय दार लवकर लावण्यांत नाहीं. वाटेवर दिवे, ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत गाडी, आणि नियम केलाच तर तो मुलामुलींस सारखा, यांत आहे. ज्या नियमामुळें एकाच वर्गांतील एकीस वाचावयास दोन तास कमी मिळतात, तो नियम शिस्तीचा म्हणतां येणार नाहीं.

आतां ज्या गोष्टीविषयीं विद्यार्थी सहसा बोलत नाहीं, तिच्याविषयीं दोन शब्द. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत बहुतेकांस एकटेपणा घेरतो. गांवच्या शाळेंत जो पहिला होता, तो येथें पन्नासांत एक होतो. इंग्रजी व्याख्यान कळत नाहीं. पण कळत नाहीं असें म्हणण्याची चोरी. बोलण्यांतला गांवाकडचा हेल ऐकून कोणी हंसलें, कीं मुलगा बोलणेंच सोडतो. यावर मोठा उपाय नाहीं, लहान आहेत: वर्गांत एक तरी सोबती जोडावा, एका तरी अध्यापकास नांवानिशीं माहीत व्हावें, आणि आठवड्यांतून एक संध्याकाळ मैदानावर घालवावी. मन फारच खचलें तर १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही सरकारी सेवा २०२२ पासून चालू आहे; तिचा उपयोग करण्यांत लाज कसली? आणि थट्टेच्या नांवाखालीं कोणी छळ केला, तर तो सोसणें म्हणजे सहनशीलता नव्हे. महाराष्ट्रांत १९९९ च्या कायद्यानें रॅगिंग हा गुन्हा ठरला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. छळाची वाच्यता करणारा विद्यार्थी चुगलखोर ठरत नाहीं. तो पुढच्या वर्षीं येणाऱ्या मुलास वांचवितो.

आणि समजा, एवढें करूनहि निभावलें नाहीं. घरीं आजारपण आलें, पीक गेलें, व वर्षाअखेर परत फिरावें लागलें, तरी सर्व संपलें असें समजूं नये. नव्या व्यवस्थेंत ठरलेले श्रेयांक व नेमून दिलेलें जादा काम पुरें केल्यास एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबतां येतें. मिळविलेले श्रेयांक 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या २०२१ सालीं सुरू झालेल्या पेढींत विद्यार्थ्याच्या नांवें जमा राहतात, आणि सामान्यतः सात वर्षांपर्यंत त्यांचा उपयोग करून पुन्हां शिक्षण चालू करतां येतें. म्हणून महाविद्यालय सोडण्याची वेळ आलीच, तर गुपचूप पेटी उचलून जाऊं नये. कचेरींत जाऊन आपलें खातें नीट करून जावें. परत येण्याचें दार आपल्या हातानें लावून घेऊं नये.

शेवटचें मागणें विद्यार्थ्याजवळ नाहीं. तें शहरांतील सुशिक्षित कुटुंबांजवळ आहे. ज्या घरीं हें भाषण ऐकलें अथवा वाचलें जाईल, त्यांपैकीं पुष्कळ घरांचा या प्रश्नाशीं दोन्ही बाजूंनीं संबंध आहे. कोणाचा मुलगा परगांवीं शिकत असेल. कोणाच्या वरच्या मजल्यावर परगांवचीं मुलें राहत असतील. पालकांनीं दूरध्वनीवर पहिला प्रश्न गुणांचा न विचारतां जेवणाचा विचारावा, दुसरा झोपेचा, गुणांची गोष्ट मुलगा आपण होऊन सांगेल. आणि ज्यांनीं खोल्या भाड्यानें दिल्या आहेत, त्यांनीं भाडें अवश्य घ्यावें. कोणीं धर्मशाळा उघडावी असें म्हणणें नाहीं. पण प्रत्येक खाटेशेजारीं एक साधें टेबल आणि एक स्वतंत्र दिवा ठेवावा. पैशांची पावती द्यावी. परीक्षेच्या महिन्यांत जागा खालीं करावयास सांगूं नये. आणि भाडेकरू निवडतांना मुलाचें आडनांव विचारून मग 'जागा भरली' असें सांगण्याची जी रीत अद्याप कांहीं ठिकाणीं आढळते, ती टाकून द्यावी. ज्या उंबऱ्यावर जात पाहून वार लागत असे, त्याच उंबऱ्यावर जात पाहून खाट मिळावी, तर मधल्या शंभर वर्षांत शाहू महाराजांनीं, आंबेडकरांनीं आणि भाऊरावांनीं केलें तें कोणासाठीं?

वाराच्या जेवणांत उपकार होता, म्हणून तें मुलास बोंचत असे. आजच्या खाटेचें मुलगा भाडें मोजतो. तेथें उपकार नाहीं. मग बोंचण्याजोगें दुसरेंहि कांहीं उरूं देण्याचें कारण नाहीं. व्यवहार चोख ठेवूनहि माणुसकीनें वागतां येतें.

संध्याकाळीं स्वारगेटवरून गांवाकडची गाडी सुटते. तींत खिडकीजवळ तेच वडील बसलेले असतात. हात आतां खिशावर नसतो, कारण खिसा रिकामा झालेला असतो. मुलगा मागें राहिला आहे, एका अनोळखी घरीं, अनोळखी माणसांत. त्या घरांतील कोणी त्या रात्रीं दार ठोठावून "जेवलास का रे?" एवढें जरी विचारलें, तरी विद्यापीठाच्या कोणत्याहि अभ्यासक्रमांत नसलेला एक धडा त्या मुलास पहिल्याच दिवशीं मिळेल, आणि तो धडा तो बहुधा जन्मभर विसरणार नाहीं.